लाँचआधीच्या नोंदी : बोर्ड पटकन उघडलाच पाहिजे

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

आमच्या टास्क-बोर्डाचं लाँच ३० सप्टेंबरला, हे आज पक्कं झालं. नोंदी रोज लिहायच्या नाहीत. काही ठरलं किंवा अडलं की लिहायच्या. पुढे कुणी "हे असं का केलंय?" म्हणून विचारलं तर शोधाशोध नको.

काम कशाचं आहे ते एकदाच लिहून ठेवतो. टीमसाठी बोर्ड, बोर्डावर टास्क, टास्कच्या आत सगळ्यांना एकाच वेळी लिहिता येईल असा मजकूर, आणि प्रत्येक टीमला आपापल्या गरजेप्रमाणे जोडता येतील असे रकाने. सेल्सची मंडळी याला 'फास्ट आणि फ्लेक्सिबल' म्हणतात. जाहिरातीत हे दोन शब्द शेजारी छान बसतात, डेटाबेसमध्ये बसवताना घाम फुटतो. लोकांना जितकी मोकळीक द्यावी तितकं सिस्टिमला आधीपासून कमी माहीत असतं, आणि जे आधी माहीत नाही ते झटकन शोधून देता येत नाही. या मोकळिकीची किंमत कुठेतरी मोजावीच लागते : लिहिताना, वाचताना, नाहीतर पहिल्यांदा उघडताना. आम्ही ती लिहिताना मोजायचं ठरवलंय. टास्क बदलतो एकदा, बघितला जातो दिवसभर.

वेगाचा आकडाही ठरला. वापरसुलभतेचा अभ्यासक याकोब नील्सनने १९९३ मध्ये मांडलेल्या मर्यादा अजून कुणी खोट्या ठरवलेल्या नाहीत. ०.१ सेकंदाच्या आत उत्तर मिळालं तर माणसाला ते तत्काळ वाटतं, १ सेकंदापर्यंत विचारांची तंद्री टिकते, १० सेकंदांनंतर लक्ष उडतं. म्हणून क्लिक केल्यापासून बदल दिसेपर्यंत १०० मिलिसेकंद, त्यापुढे एकही नाही. आता हिशेब बघा. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर १० हजार किलोमीटरवर असेल तर जाण्यायेण्यातच १०० मिलिसेकंद संपले, सर्व्हरने अजून काही केलेलंही नाही. म्हणजे कितीही भारी मशीन घेतलं तरी सर्व्हरच्या उत्तराची वाट बघणारी स्क्रीन आमच्या आकड्यात बसूच शकत नाही. बदल आधी ब्राउझरमधल्या साठ्यात करायचा, लगेच दाखवायचा, मग सर्व्हरला कळवायचा. बाकीचं सगळं डिझाइन या एका निर्णयातून येतंय.

७ ऑगस्ट, गुरुवार

सिंक (सगळ्यांकडच्या प्रती एकमेकींशी जुळवणं) कसा करायचा यावर दिवसभर वाद.

एकाच दस्तऐवजात दोघांनी एकदम लिहिलं तर काय, हा प्रश्न जुना आहे. एलिस आणि गिब्ज यांनी १९८९ मध्ये ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन मांडलं : समोरच्याचा बदल लागू करताना तुझ्या बदलामुळे जागा किती सरकली ते हिशेबात घ्यायचं. दुसरी वाट सीआरडीटीची (भांडण न होता आपोआप जुळणारी डेटा-रचना), जी २०११ मध्ये शापिरो आणि सहकाऱ्यांच्या कामामुळे रूढ झाली. तिथे प्रत्येक अक्षराला स्वतःची ओळख असते, त्यामुळे बदल कुठल्याही क्रमाने पोचले तरी शेवटी सगळ्यांकडे एकच मजकूर उरतो. खोडलेल्या अक्षरांच्या खुणा मात्र सांभाळाव्या लागतात, आणि दस्तऐवज फुगत जातो.

आमच्यातला एक जण हट्टाला पेटला होता की सगळंच सीआरडीटीत ठेवू. मला ते पटत नाही. टास्कचा 'स्टेटस' हा एक शब्द आहे. दोघांनी एकदम बदलला तर कुणाचा तरी एकाचाच राहणार, दोन्हींचं मिश्रण करून कुणाचं भलं होणार आहे? शेवटी तोडगा निघाला. टास्कच्या गुणधर्मांसाठी साधा नियम : सर्व्हरवर जो बदल नंतर पोचला तो टिकला, आणि तोही एकेका गुणधर्मापुरता, अख्ख्या टास्कचा नाही. एकाने नाव बदललं आणि दुसऱ्याने तारीख, तर दोन्ही टिकतात. लांबलचक मजकुरासाठी मात्र सीआरडीटी.

'नंतर' म्हणजे सर्व्हरने दिलेल्या क्रमांकाप्रमाणे नंतर. लोकांच्या लॅपटॉपचं घड्याळ कुठेही वापरायचं नाही. घड्याळांवर विसंबून घटनांचा क्रम लावता येत नाही हे संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्टने १९७८ मध्येच दाखवून दिलंय, तरी रिव्ह्यूला आलेल्या कोडमध्ये ब्राउझरची वेळ सापडलीच. काढायला लावली.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आजचा बग लिहून ठेवण्यासारखा आहे.

टास्क वर-खाली ओढला की त्याचा क्रम साठवावा लागतो. १, २, ३ असे आकडे दिले तर मधे एक घुसवताना खालच्या सगळ्यांचे आकडे बदलावे लागतात. त्यामुळे क्रम अक्षरांच्या किल्लीत ठेवलाय. दोन टास्कच्या किल्ल्यांच्या मधे बसेल अशी तिसरी किल्ली तयार करायची, बदल एकाच ओळीत होतो. दोघांनी ऑफलाइन असताना एकाच फटीत टास्क टाकले तर किल्ली सारखीच निघते, तेव्हा टास्कच्या आयडीवरून निकाल. इथवर ठीक.

पण क्यूए (चाचण्या) बघणारी सहकारी म्हणाली, "ओढून ठेवते तेव्हा बरोबर दिसतं, पेज रिफ्रेश केलं की काही टास्क उड्या मारतात." प्रत्येक वेळी नाही, काहीच टास्क. सगळे सिंकच्या कोडकडे संशयाने बघायला लागले. कारण निघालं भलतंच. ब्राउझरमधलं जावास्क्रिप्ट किल्ल्यांची तुलना अक्षरांच्या कोड-क्रमांकांवरून करतं, त्यात सगळी कॅपिटल अक्षरं स्मॉलच्या आधी येतात. आमच्या पोस्टग्रेस डेटाबेसमधला किल्लीचा रकाना मात्र इंग्रजीच्या शब्दकोशी क्रमाने लावलेला होता, जिथे स्मॉल-कॅपिटल शेजारी शेजारी बसतात. एकाच किल्ल्या, दोन ठिकाणी दोन क्रम. रकान्याला 'सी' कोलेशन (कोड-क्रमांकांप्रमाणे क्रम लावायचा नियम) लावलं आणि उड्या थांबल्या. एका शब्दाचा बदल. अशा बगचा राग येत नाही, उलट मजा येते.

एकाच फटीत पुन्हा पुन्हा टास्क टाकत राहिलं तर किल्ली लांबत जाते. मर्यादेपलीकडे गेली की त्या यादीच्या किल्ल्या सर्व्हर नव्याने वाटेल. हे काम बॅकग्राउंडला.

१८ ऑगस्ट, सोमवार

लवचिकपणाचा खरा सामना आज. रकाने.

कुणाला 'प्राधान्य' हवं, कुणाला 'खर्च', कुणाला 'क्लायंटने मंजुरी दिली का'. हे साठवायचं कसं? जुनी पद्धत म्हणजे एका टेबलात टास्क, रकाना आणि किंमत अशा ओळी. साठवायला सोपी, पण 'प्राधान्य जास्त, खर्च अमुकपेक्षा कमी, तारखेप्रमाणे लावा' असं विचारलं की प्रत्येक रकान्यासाठी तेच टेबल पुन्हा जोडावं लागतं. तीन अटी, तीन जोड. बोर्ड मोठा असला की क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) रडते.

दुसरी वाट जेसनबीची, पोस्टग्रेसमध्ये ती ९.४ आवृत्तीपासून आहे. टास्कच्या ओळीतच सगळे रकाने एका पिशवीत. वाचायला छान. पण पिशवीच्या आत काय कसं पसरलंय याची आकडेवारी प्लॅनरकडे (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाकडे) नसते, तो अंदाजाने वाट निवडतो आणि पुष्कळदा चुकीची निवडतो. पिशवीच्या आत शोधणारा जिन इंडेक्स 'ही किंमत आत आहे का' एवढं पटकन सांगतो. 'याहून कमी' किंवा 'या क्रमाने लाव' म्हटलं की त्याचा उपयोग नाही. शिवाय पिशवीतली एक किंमत बदलली तरी अख्खी पिशवी नव्याने लिहावी लागते, आणि ओळ साधारण २ केबीच्या पुढे गेली की पोस्टग्रेस मोठ्या किमती दाबून बाजूच्या टोस्ट टेबलात हलवायला लागतं.

ठरलं ते असं. खरी प्रत जेसनबीत. ज्या रकान्यावर टीमने गाळणी किंवा क्रम लावलाय तेवढ्याच रकान्यांची एक सडसडीत प्रत वेगळ्या टेबलात : आकडा आकड्याच्या रकान्यात, तारीख तारखेच्या, दोन्हींवर इंडेक्स. ही प्रत टास्क लिहिला जातानाच, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये भरायची. लिहिणं थोडं महाग झालं, वाचणं स्वस्त. रकान्याचा प्रकारही निर्माण करतानाच निवडायला लावायचा. "काहीही लिहा" असा रकाना मागणारे भेटतात. तो मिळेल, पण त्यावर क्रम लावता येणार नाही आणि स्क्रीन ते स्पष्ट सांगेल.

आपली डिझायनर यावर नाराज आहे. तिचं म्हणणं, लोकांना हे नियम दिसताच कामा नयेत. मला वाटतं, थोडे दिसावेत. जे मुकाट्याने हळू चालतं त्यापेक्षा जे सरळ नाही म्हणतं ते परवडतं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

यादी खाली सरकवताना अडखळत होती. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, आम्ही त्यात दिसत नसलेली कार्डंसुद्धा रंगवत होतो. आता दिसतात तेवढीच आणि वर-खाली थोडी जास्तीची. विषय संपला.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

हा आठवडा देवनागरीने खाल्ला.

तक्रार अशी : दोघे एकाच परिच्छेदात मराठीत लिहीत असले की एकाचं अर्धं अक्षर गायब होतं. इंग्रजीत कधीच नाही. माझ्या मशीनवर मराठीतही नाही, कारण मी इनस्क्रिप्ट वापरतो. तिथे कळ दाबली की ठरलेलं चिन्ह थेट मजकुरात पडतं. फोनेटिक कीबोर्डवर आणि मोबाइलवर तसं नसतं. शब्द तयार होत असेपर्यंत तो कच्चा असतो, ब्राउझर त्याला कंपोझिशन म्हणतो, आणि शब्द पक्का झाला की मगच शेवटची सूचना देतो. नेमक्या त्या मधल्या वेळात समोरच्याचा बदल आला की आमचा एडिटर परिच्छेद नव्याने रंगवत होता. कच्च्या शब्दाखालची जमीनच काढून घेतली, मग शब्द पडणार नाही तर काय!

उपाय : कंपोझिशन चालू असेल तेवढा वेळ त्याच परिच्छेदावरचे बाहेरचे बदल रोखून धरायचे, बाकी दस्तऐवजात चालू द्यायचे. शब्द पक्का झाला की रोखलेले सोडायचे. सीआरडीटी असल्यामुळे उशिराने लावले तरी बिघडत नाही. हा निर्णय ७ तारखेला घेतला होता तो इथे कामाला आला. काही मोबाइल कीबोर्ड कंपोझिशन लवकर संपवतच नाहीत, म्हणून रोखून धरण्यालाही वेळेची मर्यादा ठेवली.

त्याच ओघात कर्सरचा प्रश्न निघाला. समोरच्याचा कर्सर त्याच्या नावाच्या चिठ्ठीसह दिसतो. 'क्षि' हे डोळ्यांना एक अक्षर, पण आत चार चिन्हं : क, हलन्त, ष आणि वेलांटी. कर्सरची जागा चिन्हं मोजून काढली आणि ती मधेच पडली, तर चिठ्ठी अक्षराच्या पोटात घुसलेली दिसते. अक्षराची हद्द कुठे, हे युनिकोडच्या नियमांवरून ठरवायचं, आणि ते नियमही बदलतात. २०२३ च्या १५.१ आवृत्तीपर्यंत मूळ नियमाप्रमाणे हलन्तानंतर तुकडा पडत असे, आता जोडाक्षर एकसंध धरलं जातं. म्हणजे नवा ब्राउझर आणि जुना ब्राउझर एकाच शब्दाची अक्षरं वेगवेगळी मोजू शकतात. म्हणून साठवताना मोजणी अजिबात नको : कर्सर आणि कॉमेंट दोन्ही सीआरडीटीतल्या चिन्हाच्या ओळखीला बांधायचे, आणि दाखवताना त्या त्या ब्राउझरने जवळच्या हद्दीवर सरकवून घ्यायचं. अक्षरमर्यादा दाखवणाऱ्या आकड्याचंही हेच : माणसाला दिसतात ती अक्षरं मोजा.

टेस्टच्या यादीत आता मराठी फोनेटिक, जपानी आणि अनेक चिन्हं जोडून बनलेल्या इमोजी, तिन्ही कायमच्या.

३ सप्टेंबर, बुधवार

अन्डू. वरवर बघता किरकोळ.

मी टास्कचं नाव बदललं, त्यानंतर दुसऱ्याने त्याची तारीख बदलली. मी कंट्रोल झेड दाबलं तर काय मागे जावं? शेवटचा बदल म्हणून दुसऱ्याची तारीख गेली तर भांडण ठरलेलं. अन्डू ज्याचं त्याच्यापुरतं, यावर कुणाचं दुमत नाही. पण मी नाव बदलल्यावर दुसऱ्यानेही नावच बदललं असेल तर? माझं अन्डू त्याचं नाव पुसून माझ्याआधीचं नाव आणणार का? आम्ही ठरवलं, नाही. मधे कुणी तीच गोष्ट बदलली असेल तर ते अन्डू सोडून द्यायचं आणि खाली एक ओळ दाखवायची, की हे नाव नंतर बदललं गेलंय.

डिझायनरला ती ओळही नको होती. ठेवली. दाबूनही काहीच झालं नाही असं वाटलं की माणूस तीनदा दाबतो, आणि मग त्याची जुनी तीन कामं उलटतात.

१० सप्टेंबर, बुधवार

लोड टेस्ट, म्हणजे सिस्टिमवर मुद्दाम ताण टाकून बघणं. नेहमीच्या वापरात सगळं हिरवं. मग मुद्दाम वेबसॉकेटचा (ब्राउझरशी सतत उघड्या जोडणीचा) सर्व्हर बंद करून चालू केला, कारण प्रत्येक डिप्लॉयला, म्हणजे नवा कोड चढवताना, हेच होणार. सगळे क्लायंट (लोकांचे ब्राउझर) एकाच क्षणी तुटले, एकाच क्षणी परत आले, प्रत्येकाने "मी नव्हतो तेव्हा काय झालं?" विचारलं, डेटाबेस आडवा झाला, जोडण्या पुन्हा तुटल्या, आणि तीच झुंड पुन्हा धडकली. पुन्हा जोडण्याआधी थांबण्याचा वेळ दर वेळी दुप्पट करणं आधीपासून होतं; पण सगळ्यांचा वेळ सारखाच दुप्पट होत असेल तर झुंड फक्त उशिरा येते, फुटत नाही. आता त्यात रँडम विलंब मिसळलाय. शिवाय बंद होणारा सर्व्हर आपल्या जोडण्या एकदम न सोडता थोड्या थोड्या सोडतो.

११ सप्टेंबर, गुरुवार

कालचंच शेपूट. काही जोडण्या मिनिटभर शांत राहिल्या की तुटत होत्या. वेबसॉकेटच्या वाटेतल्या एन्जिनएक्स या मधल्या सर्व्हरची वाचण्याची डीफॉल्ट मुदत ६० सेकंद आहे, कुणीच बोललं नाही तर तो फोन ठेवतो. जोडणी जागी ठेवणारं पिंग आता २५ सेकंदांनी.

१७ सप्टेंबर, बुधवार

परवानग्या. हा विषय सगळेच टाळत होते.

डेटा आधी ब्राउझरमध्ये ठेवतो म्हणून आपण वेगवान आहोत. पण एकदा पाठवलेलं परत मागता येत नाही. एखाद्याला बोर्डावरून काढलं तरी त्याच्या लॅपटॉपमध्ये प्रत आहेच. जोडणी चालू असेल तर लगेच 'हा बोर्ड पुसा' असा संदेश जातो आणि स्थानिक साठा साफ होतो. लॅपटॉप ऑफलाइन असेल तर पुन्हा जोडला जाईपर्यंत काही करता येत नाही. त्यावर उपाय म्हणून ऑफलाइन प्रतीला मुदत घातली, आणि ती किती असावी ते टीमच्या ॲडमिनने ठरवायचं.

सेल्सकडून विचारणा आली, "टास्कमधला एकच रकाना काही लोकांपासून लपवता येईल का?" कोडिंगच्या दृष्टीने सोपं उत्तर म्हणजे स्क्रीनवर न दाखवणं. पण डेटा ब्राउझरमध्ये पोचलेला असतो, डेव्हलपर टूल्स उघडता येणाऱ्या कुणालाही तो दिसतो. याला लपवणं म्हणत नाहीत. खरंच लपवायचं तर सिंक रकान्यागणिक गाळावा लागेल, प्रत्येक माणसाला वेगळा डेटा जाईल, आणि पहिल्यांदा उघडण्याचा वेग गेला. लाँचमध्ये परवानगीचं सर्वांत लहान एकक बोर्ड. पगार लिहायचे असतील तर वेगळा बोर्ड करा. सेल्सला कळवलं, त्यांना आवडलं नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

ऑटोमेशन कापलं. पूर्ण नाही, पण बरंच.

'स्टेटस झाला की अमक्याला द्या' असे नियम लोकांना स्वतः लिहिता येतात. बीटातल्या (लाँचआधी वापरून बघणाऱ्या) एका टीमने दोन नियम असे लिहिले की पहिला टास्क पुढे ढकलतो आणि दुसरा मागे आणतो. टास्क रात्रभर फिरत राहिला आणि प्रत्येक फेरीला सगळ्यांना नोटिफिकेशन. त्या टीमला दोष देण्यात अर्थ नाही, दोन्ही नियम एकेकटे बघितले तर शहाण्यासारखे होते. आता नियमाने केलेल्या बदलावर त्या नियमाची खूण राहते आणि नियमाने केलेला बदल दुसऱ्या नियमाला जागं करत नाही. साखळी नियम फ्लॅगमागे (कोडमधल्या बंद-चालू खटक्यामागे) बंद. ते उघडायचे तर आधी नियम सेव्ह करतानाच चक्कर ओळखायला हवी.

यावरून आठवलं. गूगल वेव्ह २००९ मध्ये दाखवलं तेव्हा त्यात समोरचा लिहीत असताना प्रत्येक अक्षर उमटताना दिसायचं, शिवाय ईमेल, चॅट, दस्तऐवज, रोबॉट सगळं एकाच खिडकीत. २०१० च्या ऑगस्टमध्ये गूगलने ते पुढे वाढवणार नाही असं जाहीर केलं. तंत्र कच्चं नव्हतं. पण हे नक्की कशासाठी वापरायचं, हे वापरणाऱ्यानेच शोधायचं होतं. आमच्या नव्या बोर्डावर म्हणून तीन रकाने आधीपासून भरलेले असतील. बाकी मोकळीक एका क्लिकवर, पण आधी काहीतरी चालणारं समोर हवं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

संध्याकाळपासून कोड फ्रीझ, म्हणजे कोडमध्ये नवे बदल नाहीत. त्याआधी शेवटचं मोठं काम : जुने टॅब.

लोक टॅब बंद करत नाहीत. आठवडाभर उघड्या असलेल्या टॅबमध्ये आठवड्यापूर्वीचा कोड चालू असतो आणि तो आठवड्यापूर्वीच्या भाषेत बदल पाठवतो. त्यात कुणी प्रवासात ऑफलाइन लिहिलं असेल तर त्याची अख्खी रांग जुन्या भाषेत येते. प्रत्येक बदलावर आता आवृत्तीचा क्रमांक आहे आणि सर्व्हरकडे जुन्याचं नव्यात रूपांतर करणाऱ्या छोट्या पायऱ्या. फारच जुना क्लायंट असेल तर रीलोड करा असं सांगतो, पण रांगेतले बदल आधी सर्व्हरकडे पोचवून, मग. हा क्रम उलटा झाला तर माणसाचं काम जातं, म्हणून त्याची टेस्ट वेगळी लिहून घेतली.

डेटाबेसच्या बदलांसाठीही नियम लिहिलाय. पोस्टग्रेसमध्ये टेबलाची रचना बदलणारी आज्ञा सगळं अडवणारं लॉक मागते. आधीची एखादी लांब क्वेरी चालू असेल तर ही आज्ञा तिच्यामागे थांबते, आणि हिच्यामागे बाकीचे सगळे, साधं वाचायला आलेलेसुद्धा. रकाना जोडायला क्षणभर लागतो, थांबलेली रांग मात्र साइट बंद पाडते. तेव्हा रचना बदलणाऱ्या प्रत्येक मायग्रेशनवर लॉक टाइमआउट (लॉकची वाट बघण्याची मुदत) सक्तीचा. मिळालं तर मिळालं, नाहीतर माघार घेऊन थोड्या वेळाने पुन्हा.

फ्लॅगमागे बंद राहिलेलं : साखळी नियम, बोर्डांमधले दुवे, आणि सूत्रांचा रकाना. सूत्रांचा रकाना डेमोमध्ये सगळ्यांना आवडतो. पण एका टास्कचं सूत्र दुसऱ्या टास्कवर अवलंबून असेल तर एका बदलाने किती ओळी नव्याने लिहायच्या हे आधी सांगता येत नाही, आणि लिहिताना किंमत मोजायचं धोरण तिथेच अडतं. त्याचा विचार ऑक्टोबरमध्ये.

सोमवारी सकाळी लोड टेस्ट पुन्हा एकदा, या वेळी निम्मे क्लायंट मुद्दाम जुन्या आवृत्तीचे. सर्व्हर बंद-चालू करण्याची वेळ क्यूए ठरवणार, आम्हाला आधी सांगणार नाही.